काउन्सिलच्या भाड्याच्या घरात वृद्ध आई-वडिलांसाठी खोली वाढवताना

आई किंवा वडील आता एकटे राहू शकत नाहीत, त्यांना आपल्याकडे आणायचे ठरते, आणि आपले घर असते काउन्सिलचे, म्हणजे इंग्लंडमधल्या स्थानिक नगरपालिकेने भाड्याने दिलेले, दोन बेडरूमचे, त्याही दोन्ही वरच्या मजल्यावर. अशा वेळी बहुतेक घरांत पहिली हालचाल होते ती मागच्या बागेत टेप धरण्याची, आणि दुसरी ओळखीच्या बिल्डरला फोन करण्याची. माझ्या मते हा क्रमच उलटा आहे. घर आपले नाही, जमीन आपली नाही, आणि उद्या स्वतःच्या खिशातून पैसे घालून खोली बांधली तरी ती खोलीही काउन्सिलचीच होणार आहे. त्यामुळे काउन्सिलला आपला नकाशा किती नेटका आहे यात फारसे स्वारस्य नसते; त्या खोलीवाचून या माणसाचे का अडते, हे त्यांना कागदावर दिसावे लागते. तो कागद हातात आल्यावर नकाशाकडे वळावे.

पुढे सांगितलेले नियम इंग्लंडमधील काउन्सिलच्या घरांचे आहेत. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड येथे कायदे वेगळे आहेत, आणि हाउसिंग असोसिएशनच्या, म्हणजे काउन्सिलऐवजी ना-नफा संस्थेच्या, भाडेकरूंनी प्रत्येक मुद्दा आपल्या करारावर ताडून पाहावा.

आधी टेनन्सीचा करार काढा

कपाटातला टेनन्सी करार काढून आपली टेनन्सी (भाडेकरू म्हणून राहण्याचा हक्क) कोणत्या प्रकारची आहे ते पाहावे. बहुतेक जुन्या भाडेकरूंची टेनन्सी ‘सिक्युअर’, म्हणजे सहसा बेमुदत, असते, आणि त्यांच्यासाठी १९८५ च्या हाउसिंग अ‍ॅक्टमधील कलम ९७ महत्त्वाचे आहे. काउन्सिलच्या लेखी संमतीशिवाय भाडेकरूने घरात सुधारणा करू नये, परंतु काउन्सिलनेही ती संमती अवाजवी कारणाने नाकारू नये, असे हे कलम सांगते. नव्या भाडेकरूंना सहसा पहिले एक वर्ष ‘इंट्रोडक्टरी’, म्हणजे चाचणीपुरती, टेनन्सी मिळते आणि त्या काळात हा हक्क नसतो, म्हणून मोठा अर्ज त्या वर्षानंतर करणेच शहाणपणाचे. मुदतीची, म्हणजे ‘फ्लेक्सिबल’ टेनन्सी असेल, तर करारातले सुधारणांविषयीचे कलम नीट वाचून हाउसिंग ऑफिसरकडून त्याचा अर्थ लेखी विचारून घ्यावा.

याच करारात आणखी एक गोष्ट शोधावी, जी विचारायला जीभ रेटत नाही, पण विचारली पाहिजे. टेनन्सी आपल्या नावावर आहे आणि दुर्दैवाने आपलेच आधी काही बरेवाईट झाले, तर त्या नव्या खोलीत राहणाऱ्या आईचे काय? १ एप्रिल २०१२ किंवा त्यानंतर सुरू झालेल्या सिक्युअर टेनन्सीत कायद्याने वारसाहक्क मिळतो तो फक्त पती, पत्नी किंवा जोडीदाराला. आई-वडिलांना तो मिळायचा असेल तर करारात तशी वेगळी तरतूद असावी लागते. त्याआधीच्या टेनन्सीत बारा महिने एकत्र राहिलेल्या कुटुंबीयालाही हक्क मिळू शकतो, मात्र ही संधी एकदाच मिळते, आणि टेनन्सी आधीच वारसाने आपल्याकडे आलेली असेल तर ती संपलेली असते.

आई-वडील भारतातून येणार असतील, तर बांधकामाआधी त्यांच्या व्हिसाचा प्रश्न सुटला पाहिजे. साधा व्हिजिटर व्हिसा एका भेटीत सहसा सहा महिन्यांपुरताच राहू देतो, आणि सहा महिन्यांच्या पाहुण्यासाठी काउन्सिल भिंत पाडू देणार नाही. कायमच्या वास्तव्यासाठीचा ‘अ‍ॅडल्ट डिपेंडंट रिलेटिव्ह’ मार्ग जुलै २०१२ पासून फारच अरुंद झाला आहे: दैनंदिन कामांसाठी दीर्घकाळ काळजीची गरज आहे आणि ती काळजी मायदेशी मिळत नाही किंवा परवडत नाही, हे दोन्ही सिद्ध करावे लागते, आणि सरकारी निधी न घेता त्यांना सांभाळण्याची हमीही द्यावी लागते. या बाबतीत मान्यताप्राप्त इमिग्रेशन सल्लागाराचाच सल्ला घ्यावा. शेजारच्या काकांच्या मुलाने काय केले, यावर विसंबू नये.

खोलीआधी गरज सिद्ध करा

काउन्सिलच्या ‘अ‍ॅडल्ट सोशल केअर’ विभागाला फोन करून वृद्ध व्यक्तीसाठी ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून (रोजची कामे जमतात का हे पाहून घरात बदल सुचवणारी तज्ज्ञ) पाहणी मागावी. २०१४ च्या केअर अ‍ॅक्टप्रमाणे ज्या व्यक्तीला काळजीची गरज आहे असे दिसते तिच्या गरजांची पाहणी करणे काउन्सिलवर बंधनकारक आहे, आणि जी व्यक्ती सांभाळ करते तिचीही वेगळी पाहणी मागता येते. दोन्ही मागाव्यात. दुसरी आपण बहुतेक विसरतो, कारण सासूचे किंवा वडिलांचे करणे ही ‘काळजी’ आहे, ती नोंदवण्यासारखी गोष्ट आहे, हे आपल्या लक्षातच येत नाही.

थेरपिस्ट घरी येते तो तास सर्वांत मोलाचा असतो, आणि आपल्याकडची वडीलधारी माणसे तोच तास हमखास वाया घालवतात. आमच्या सासूबाईंच्या वेळी मी हे डोळ्यांनी पाहिले. ती बाई येणार म्हणून त्यांनी सकाळी उठून आंघोळ केली, इस्त्रीची साडी नेसली, आणि “जिना चढता येतो का?” या प्रश्नावर हसून म्हणाल्या, “हो, येतो की, सावकाश चढते.” प्रत्यक्षात तीन आठवड्यांपासून त्या जिना बसून, एकेक पायरी ढुंगणावर सरकत उतरत होत्या, आणि रात्री जावे लागू नये म्हणून संध्याकाळी पाच नंतर पाणी पीत नव्हत्या. थेरपिस्टने सुदैवाने प्रश्नावर भागवले नाही. तिने त्यांना खुर्चीतून उठायला सांगितले, त्यांचा हात खुर्चीच्या कडेवर किती घट्ट आवळला जातो ते पाहिले, मग वॉकर घेऊन खालच्या टॉयलेटच्या दारापर्यंत चालवले. वॉकर दारात अडकला. सासूबाईंनी तो सवयीने आडवा केला, चौकटीला धरून आत पाऊल टाकले, आणि तिथेच थेरपिस्टने टेप काढला. आमच्या अर्जाचा पाया त्या अडकलेल्या वॉकरने घातला. आम्ही लिहिलेल्या कुठल्याही वाक्याने नव्हे.

म्हणून पाहणीच्या आधी किमान एक आठवडा साधी वही ठेवावी. रात्री किती वेळा उठावे लागले, कोणी उठवले, जिन्यावर काय झाले, आंघोळ कोणी घातली, तोल कधी गेला, हे तारीख आणि वेळेसह लिहावे. वाईट दिवसाचे वर्णन करावे, चांगल्या दिवसाचे नाही. जीपीचे (फॅमिली डॉक्टरचे) पत्र, हॉस्पिटलची डिस्चार्ज समरी आणि औषधांची यादी जवळ ठेवावी. वृद्धांना इंग्रजी पुरेसे येत नसेल, तर आधीच दुभाष्या मागावा, कारण लघवी-शौचाच्या अडचणी मुलाच्या किंवा जावयाच्या तोंडून सांगितल्या जात नाहीत आणि अहवालात नेमक्या त्याच लागतात.

थेरपिस्ट लगेच “खोली बांधा” असे लिहील अशी अपेक्षा ठेवू नये. तिला आधी स्वस्त आणि सोपे मार्ग पाहावे लागतात: जिन्यावरची स्टेअरलिफ्ट, मजल्यांमधून जाणारी लिफ्ट, डायनिंग रूमची बेडरूम, जिन्याखालच्या जागेत टॉयलेट. प्रत्येक पर्याय आपण स्वतःच आधी तपासावा आणि तो का चालत नाही याचे कारण तयार ठेवावे, आणि ते कारण शरीराचे किंवा इमारतीचे असावे. सोयीचे किंवा आवडीचे नसावे. “बैठकीची खोली गेली तर पाहुणे कुठे बसतील?” हे कारण टिकत नाही. “बैठकीची खोली हीच वरच्या मजल्याकडे जाण्याची एकमेव वाट आहे, त्यामुळे तिथे कमोडवर बसणाऱ्या माणसाला आडोसा राहत नाही,” हे टिकते.

‘घरात गर्दी होते’ या मुद्द्यावरही फार भिस्त ठेवू नये. १९८५ च्याच कायद्यातले गर्दीचे मोजमाप अतिशय ढिले आहे; त्यात बैठकीची खोलीसुद्धा झोपायची खोली म्हणून मोजली जाते आणि तीन खोल्यांत पाच माणसे कायद्याने बसतात. डॉक्टरी गरजेचा मुद्दा यापेक्षा कितीतरी भक्कम ठरतो.

पैसा कोणाचा

तीन वाटा आहेत: काउन्सिल आपल्या घरखात्यातून करून देते, ‘डिसेबल्ड फॅसिलिटीज ग्रँट’, म्हणजे अपंग व्यक्तीसाठी घरात बदल करण्याचे अनुदान, मिळते, किंवा आपण स्वतः खर्च करतो.

ही ग्रँट १९९६ च्या कायद्याने दिलेला हक्क आहे आणि काउन्सिलच्या भाडेकरूलाही तिच्यासाठी अर्ज करता येतो, जरी अनेक काउन्सिल आपल्या भाडेकरूंचे काम वेगळ्या अंतर्गत योजनेतून करतात. अंतर्गत योजनेचे नियम ग्रँटपेक्षा कडक वाटले, तर “मला कायद्याप्रमाणे ग्रँटचा अर्ज करायचा आहे” असे लेखी कळवावे. इंग्लंडमध्ये ग्रँटची कमाल मर्यादा ३०,००० पौंड आहे. काम ‘आवश्यक आणि योग्य’ असावे आणि घराचे वय व अवस्था पाहता ‘वाजवी आणि शक्य’ असावे, अशा दोन कसोट्या लावल्या जातात. पहिलीसाठी थेरपिस्टचे मत घेतले जाते, दुसरी घरखाते पाहते. झोपण्यासाठी खोली उपलब्ध करून देणे हे कायद्यात नमूद केलेल्या कारणांपैकी एक आहे. पूर्ण अर्ज दिल्यापासून सहा महिन्यांत निर्णय द्यावा लागतो, म्हणून अर्ज ‘पूर्ण’ मानला गेल्याची तारीख लेखी मागून घ्यावी. नुसती चौकशी केल्याच्या तारखेपासून हे घड्याळ चालू होत नाही.

उत्पन्नाच्या तपासणीबद्दल मोठा गैरसमज आहे. ग्रँटसाठी पाहिले जाते ते ज्या अपंग किंवा आजारी व्यक्तीसाठी काम आहे तिचे आणि तिच्या जोडीदाराचे उत्पन्न व बचत; मुलाचा किंवा सुनेचा पगार त्यात धरत नाहीत. “आम्ही दोघे कमावतो, आम्हाला कुठे मिळणार?” म्हणून कित्येक कुटुंबे अर्जच करत नाहीत. वृद्धांना पेन्शन क्रेडिटमधील (कमी उत्पन्नाच्या पेन्शनरांना मिळणाऱ्या सरकारी मदतीतील) गॅरंटी क्रेडिट मिळत असेल तर त्यांच्याकडून काहीच मागितले जात नाही.

तीस हजारांत पूर्ण खोली आणि वेट रूम (सपाट फरशीची, उंबरठ्याविना न्हाणी) क्वचितच बसते. वरच्या रकमेसाठी २००२ च्या एका आदेशाने काउन्सिलला जादा मदत देण्याची मुभा दिली आहे, आणि प्रत्येक काउन्सिलने त्याबाबतचे आपले धोरण छापलेले असते. ते मागून वाचावे. मंजुरी येण्याआधी काम सुरू करू नये, एक वीटसुद्धा हलवू नये, कारण सुरू झालेल्या कामाला ग्रँट सहसा नाकारतात. दरम्यान तातडीच्या छोट्या गोष्टी, जसे भिंतीला धरायच्या दांड्या, टॉयलेटची उंच सीट, एखादा छोटा उतार, थांबवून ठेवायची गरज नाही. १,००० पौंडांपर्यंतचे असे किरकोळ बदल गरज ठरल्यावर मोफतच करून द्यावे लागतात.

स्वतःच्या पैशातून बांधायचा विचार असेल, तर मी दोनदा विचार करायला सांगेन. भाडेकरूने स्वखर्चाने केलेल्या सुधारणेमुळे भाडे वाढवता येत नाही, आणि पुढे ‘राइट टू बाय’ने (भाडेकरूला काउन्सिलचे घर विकत घेता येण्याच्या हक्काने) घर घेतले तर किंमत ठरवताना भाडेकरूने केलेली सुधारणा वगळतात, या दोन गोष्टी खऱ्या आहेत. पण घर सोडावे लागले तर? सुधारणांच्या भरपाईची जी कायदेशीर योजना आहे तिची कमाल मर्यादा ३,००० पौंड आहे आणि तिच्या यादीत बाथ, बेसिन, हीटिंग, इन्सुलेशन अशा गोष्टी आहेत; नवी खोली त्या यादीत नाही. त्यापलीकडे काही देणे हे काउन्सिलच्या मर्जीवर आहे. म्हणजे निवृत्तीची पुंजी घालून बांधलेली खोली किल्लीबरोबर परत द्यावी लागते. ज्यांचा याच घरात म्हातारपण काढायचा पक्का बेत आहे त्यांनीच हा मार्ग धरावा.

व्हॅटचा एक बारकावा सांगते, कारण बिल्डर तो क्वचितच सांगतात. अपंग किंवा दीर्घ आजारी व्यक्तीसाठी तिच्या घरात बाथरूम किंवा टॉयलेट बांधणे, दार रुंद करणे, उतार बांधणे या कामांवर शून्य दराने व्हॅट लागतो, मात्र बेडरूम बांधण्यावर नेहमीचाच. म्हणून कोटेशनमध्ये बाथरूमचे आणि खोलीचे काम वेगवेगळे दाखवायला सांगावे. नुसते वय झाले आहे, एवढ्यावर ही सवलत मिळत नाही.

लेखी संमती आणि तिच्या आडून येणारा गोंधळ

थेरपिस्टचा अहवाल हातात आला की हाउसिंग ऑफिसरला रीतसर अर्ज करावा. त्यासोबत अहवाल, साधा मोजमापांचा नकाशा, पैसा कुठून येणार आहे याची माहिती आणि कोण राहायला येणार आहे त्याचे नाव द्यावे. काउन्सिल नकार देताना पाहू शकते त्या मुख्य गोष्टी कायद्यातच सांगितल्या आहेत: सुधारणेमुळे घर किंवा शेजारची जागा कमी सुरक्षित होईल का, काउन्सिलला एरवी करावा लागला नसता असा खर्च पडेल का, आणि घराची किंमत किंवा भाड्याचे मूल्य घटेल का. अर्जाच्या पत्रात या तिन्ही प्रश्नांना एकेका परिच्छेदात उत्तर दिले, तर अर्ध्या शंका आधीच मिटतात. नकार दिला तर कारणे लेखी द्यावी लागतात आणि नकार वाजवी होता हे काउन्सिलला दाखवावे लागते. उत्तरच आले नाही तर? वाजवी काळ उलटूनही होय किंवा नाही काहीच आले नाही, तर कायदा त्याला नकार समजतो, संमती नव्हे. मौन म्हणजे होकार, असे समजून खोदकाम सुरू करणाऱ्याची टेनन्सीच धोक्यात येते.

सर्वांत मोठा गोंधळ होतो तो असा: प्लॅनिंग विभाग काउन्सिलचा, घरखातेही काउन्सिलचे, म्हणून एकाने मान्य केले की दुसऱ्यानेही केले असे लोक धरून चालतात. एकाच इमारतीत बसत असले तरी हे दोघे वेगळे. घरमालक म्हणून संमती, प्लॅनिंगची परवानगी आणि बिल्डिंग कंट्रोलची (बांधकाम नियमांप्रमाणे झाले का हे तपासणाऱ्यांची) मंजुरी हे तीन वेगळे कागद आहेत आणि एकाने दुसऱ्याची जागा भरून निघत नाही.

प्लॅनिंग, बिल्डिंग कंट्रोल आणि शेजारी

घर असेल, फ्लॅट नसेल, तर मागच्या बाजूला एकमजली खोली बऱ्याचदा प्लॅनिंगच्या अर्जाशिवाय बांधता येते. मूळ मागच्या भिंतीपासून सेमी-डिटॅच्ड (एका बाजूने जोडलेल्या) किंवा टेरेस (रांगेतल्या) घराला ३ मीटर, डिटॅच्ड (सुट्या) घराला ४ मीटर; उंची जास्तीत जास्त ४ मीटर, आणि शेजाऱ्याच्या हद्दीपासून २ मीटरच्या आत छताची कड ३ मीटरपेक्षा उंच नको; मूळ घराभोवतालच्या मोकळ्या जागेपैकी निम्म्याहून अधिक जागा व्यापली जाऊ नये. आधी कळवून, शेजाऱ्यांना हरकतीची संधी देऊन, हीच लांबी अनुक्रमे ६ आणि ८ मीटरपर्यंत नेता येते. ‘मूळ’ या शब्दाकडे लक्ष द्यावे: तीस वर्षांपूर्वीच्या भाडेकरूने मागे बांधलेले छोटे स्वयंपाकघर या मोजणीत आपल्याच वाट्याला येते. काही वसाहतींत ही मुभा काढून घेतलेली असते, म्हणून प्लॅनिंग विभागाला विचारावे. फ्लॅटला ही मुभा मुळीच नाही.

पूर्ण अर्ज लागलाच, तर त्याची नेहमीची फी एप्रिल २०२५ मध्ये ५२८ पौंड झाली, परंतु घरात राहणाऱ्या अपंग व्यक्तीच्या सुरक्षिततेसाठी, आरोग्यासाठी किंवा सोयीसाठी घर वाढवत असाल तर ती माफ होते. बिल्डिंग कंट्रोलच्या शुल्कालाही अशीच सूट आहे. दोन्ही आपणहून मागाव्या लागतात. जमीन काउन्सिलची असल्यामुळे अर्जावर मालकाला नोटीस दिल्याचे प्रमाणपत्र भरावे लागते. ‘मीच मालक’ या रकान्यावर चुकून खूण केली तर अर्ज अवैध ठरतो.

शेजाऱ्याच्या भिंतीला लागून किंवा तिच्यापासून ३ मीटरच्या आत त्याच्या पायापेक्षा खोल खणायचे असेल तर १९९६ चा पार्टी वॉल अ‍ॅक्ट (सामाईक भिंतींविषयीचा कायदा) लागू होतो. इथे भाडेकरूंची फसगत होते. आठवड्याच्या भाड्यावर राहणारा भाडेकरू या कायद्याच्या दृष्टीने ‘मालक’ नसतो, त्यामुळे नोटीस काउन्सिलच्या नावाने जावी लागते आणि हे काउन्सिलकडून लेखी ठरवून घ्यावे लागते. शेजारचे घरही काउन्सिलचेच असेल तर प्रश्न सहसा उद्भवत नाही. पण ते कोणी ‘राइट टू बाय’ने विकत घेतलेले असेल तर तो शेजारी खराखुरा मालक आहे आणि त्याला खणण्यापूर्वी एक महिना, सामाईक भिंतीलाच हात लावायचा असेल तर दोन महिने आधी नोटीस मिळाली पाहिजे. नोटिशीच्या आधी चहाला बोलावून नकाशा दाखवणे बरे. नोटीस थेट दारात पडली की माणसे बिथरतात.

बागेतल्या मॅनहोलचे झाकणही पाहून ठेवावे. २०११ च्या ऑक्टोबरपासून एकाहून अधिक घरांना सामाईक असलेल्या बहुतेक गटारवाहिन्या पाणी कंपन्यांकडे गेल्या आहेत, आणि अशा वाहिनीच्या ३ मीटरच्या आत बांधायचे तर कंपनीचा करार लागतो. घर २००० च्या आधीचे असेल तर अ‍ॅस्बेस्टॉसची तपासणी झाल्याशिवाय जुने छत, फरशीच्या टाइल्स किंवा शेडचे पत्रे फोडू देऊ नयेत. काउन्सिलकडे त्या घराची जुनी नोंद असते, ती मागावी.

खोली कशी असावी

मोठ्या खोलीपेक्षा योग्य खोली महत्त्वाची. पलंग, त्याच्या एका बाजूला वॉकर किंवा चाकाची खुर्ची वळवायची जागा, आणि चार पावलांवर टॉयलेट, एवढे जमले की बाकी दुय्यम. चाकाची खुर्ची आज लागत नसली तरी १.५ मीटर व्यासाची मोकळी जागा धरून ठेवावी. उंबरठा नको, लागलाच तर १५ मिलिमीटरपेक्षा उंच नको. उतार १ ला १२ पेक्षा तीव्र नसावा. प्लग पॉइंट जमिनीपासून किमान ४५० मिलिमीटरवर असावेत, म्हणजे वाकावे लागत नाही. वेट रूमच्या भिंतींना आतून प्लायवुड लावून घ्यावे, कारण आज दांडी नको असली तरी दोन वर्षांनी हवी असते आणि पोकळ प्लास्टरबोर्डात स्क्रू धरत नाही.

एका गोष्टीकडे बिल्डर आणि नकाशा काढणारे दोघेही काणाडोळा करतात. नवी खोली जुन्या खोलीच्या पलीकडे असली, म्हणजे बाहेर पडायची वाट स्वयंपाकघरातून किंवा डायनिंगमधून असली, तर आग लागल्यावर सुटण्यासाठी खिडकी पुरेशी मानली जाते: उघडी जागा ०.३३ चौरस मीटर, रुंदी आणि उंची किमान ४५० मिलिमीटर, खालची कड जमिनीपासून १,१०० मिलिमीटरच्या आत. नियमाला ती पुरते. पण संधिवाताने गुडघे धरलेली ऐंशी वर्षांची बाई कंबरेएवढ्या कठड्यावरून बाहेर कशी पडणार? आम्ही हट्टाने खिडकीऐवजी बागेत उघडणारे दार मागितले. ते आता रोज दुपारी उन्हात बसायलाही उपयोगी पडते, पण मागितले ते आगीसाठी. खोली मागे जोडली की मधली खोली खिडकीविना अंधारी होते, हेही आधीच लक्षात घेऊन छतात काचेची सोय करून घ्यावी.

राहायला आल्यानंतरचे हिशेब

आई-वडील राहायला येतात त्या दिवशी काउन्सिलला, आणि आपण घरभाड्यासाठी युनिव्हर्सल क्रेडिट किंवा हाउसिंग बेनिफिट घेत असाल तर तिथेही, लेखी कळवावे. आपण एकटे राहत असाल तर काउन्सिल टॅक्सची (घरपट्टीसारख्या कराची) २५ टक्के सवलत दुसरी प्रौढ व्यक्ती आल्याने जाऊ शकते. उलट, घरात अपंग व्यक्ती मुख्यत्वे वापरते अशी तिच्या गरजेची खास खोली किंवा जादा बाथरूम असेल, तर टॅक्सचा बँड (घराच्या किमतीवरून ठरणारा टप्पा) एकाने खाली मोजण्याची सवलत मागता येते. नव्या खोलीला वेगळे स्वयंपाकघर आणि वेगळे दार देऊन ती स्वतंत्र केली, तर तिला वेगळा बँड लागू शकतो. पासष्टी ओलांडलेले अवलंबून असलेले नातेवाईक तिथे राहत असतील तर त्या भागाला माफी आहे, पण ती मागावी लागते.

वृद्धांच्या स्वतःच्या लाभांतही फरक पडतो. पेन्शन वयानंतर काळजीची गरज असणाऱ्यांना मिळणारा अटेंडन्स अलाउन्स २०२५-२६ मध्ये आठवड्याला ७३.९० किंवा ११०.४० पौंड होता आणि तो उत्पन्नावर अवलंबून नाही. मात्र एकटे राहणाऱ्यांना पेन्शन क्रेडिटमध्ये गंभीर अपंगत्वाची जी जादा रक्कम मिळते ती मुलाच्या घरी राहायला गेल्यावर बहुधा बंद होते. घर सोडण्याआधी हा हिशेब सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस किंवा एज यूके या सल्ला देणाऱ्या संस्थांकडून करून घ्यावा. आणि आपण कामाच्या वयाचे असून भाड्यासाठी मदत घेत असाल, तर ती खोली पुढे कधी रिकामी झाली की ती ‘जादा बेडरूम’ ठरून मदतीत धरल्या जाणाऱ्या भाड्यातून १४ टक्के कापले जातात. अशी खोली बांधताना हे बोलून ठेवणे अवघड असते. बेत आखताना मात्र धरावे लागते.

नकार आला तर

नकाराचे पत्र थेरपिस्टला दाखवावे. कित्येकदा नकार गरजेला नसून जागेला असतो, आणि मग काउन्सिल तळमजल्यावर शयनगृह असलेले दुसरे घर देण्यास तयार असते. ते घर पाहायला जरूर जावे. मोठ्या घरातील भाडेकरूशी अदलाबदल करण्याचाही सिक्युअर भाडेकरूला हक्क आहे आणि त्या अर्जावर काउन्सिलने ४२ दिवसांत उत्तर द्यायचे असते. खोलीसाठी दोन वर्षे भांडण्यापेक्षा तीन गल्ल्या पलीकडचे योग्य घर सहा महिन्यांत मिळणे म्हाताऱ्या माणसाच्या दृष्टीने किती तरी चांगले.

तक्रारच करायची असेल तर काउन्सिलच्या दोन पायऱ्या आधी संपवाव्या लागतात: पहिल्या पायरीचे उत्तर तक्रार नोंदल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत, दुसऱ्याचे वीस. त्यानंतर घरमालक म्हणून केलेल्या वागणुकीबद्दल हाउसिंग ऑम्बड्समन (तक्रारींचा स्वतंत्र निवाडा करणारा अधिकारी), आणि ग्रँट किंवा सोशल केअरबद्दल लोकल गव्हर्नमेंट अँड सोशल केअर ऑम्बड्समन. चुकीच्या दारी तक्रार टाकली तर महिने जातात. संमती अवाजवीपणे नाकारली आहे, हे ठरवून घ्यायला काउंटी कोर्टही आहे, पण तिथे जाण्याआधी शेल्टर ही घरांविषयीची धर्मादाय संस्था किंवा कायद्याचा सल्ला देणारे लॉ सेंटर यांचा सल्ला घ्यावा.

काम संपताना

बिल्डिंग कंट्रोलचा माणूस पाया ओतण्याआधी, छत झाकण्याआधी आणि शेवटी येऊन पाहतो. प्रत्येक वेळची तारीख लिहून ठेवावी. काम पूर्ण झाल्याचे प्रमाणपत्र, विजेच्या कामाचा दाखला आणि काउन्सिलचे संमतिपत्र एकत्र ठेवून त्यांच्या प्रती दुरुस्ती विभागाला पाठवाव्यात, आणि नव्या खोलीची दुरुस्ती यापुढे कोण करणार हे त्यांच्याकडून लेखी घ्यावे. आम्ही हे विसरलो होतो; पहिल्याच हिवाळ्यात नव्या रेडिएटरला गळती लागली तेव्हा दुरुस्तीवाल्याच्या यंत्रात ती खोलीच नव्हती. आणि बिल्डरचा शेवटचा हप्ता द्यायच्या आधी, तो तिथे उभा असतानाच, आईला वॉकर घेऊन पलंगापासून टॉयलेटपर्यंत आणि तिथून बागेच्या दारापर्यंत एकदा चालायला सांगावे.